‘मध्यम’ म्हणजे किती?

किल्ल्यांवरच्या मराठी पुस्तकांत प्रत्येक गडाच्या माहितीखाली एक छोटीशी ओळ असते. चढाईची श्रेणी : सोपी, मध्यम, कठीण. जायचं कसं, पाणी कुठे, राहायचं कुठे, हे सगळं सविस्तर असतं आणि मग हा एक शब्द. कोणासाठी मध्यम, हे मात्र त्यात नसतं. लिहिणारा माणूस बहुधा चाळीस-पन्नास गड पायांखाली घातलेला असतो. त्याचा ‘मध्यम’ आणि आयुष्यात पहिल्यांदा ट्रेकिंगचे बूट घातलेल्या माणसाचा ‘मध्यम’, यांच्यामध्ये एक आख्खा सह्याद्री उभा असतो.

कॉलेजच्या ग्रुपबरोबर डोंगर चढायला लागून मला आता तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागलेला प्रश्न म्हणजे, “सोपा आहे ना गं?” विचारणारीला ‘हो’ ऐकायचं असतं. आपण ‘हो’ म्हणतो, कारण मैत्रीण यावी असं आपल्यालाही वाटत असतं. लोहगडाच्या बाबतीत ते ‘हो’ खपून जातं, कारण तिथे वरपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत आणि चहावाले आहेत. प्रत्येक गड इतका दयाळू नसतो.

दुसरा घोळ उंचीचा. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, म्हणून ते सर्वांत अवघड असणार, असं पुष्कळांना वाटतं. पण उंची समुद्रापासून मोजलेली असते आणि आपण चढायला सुरुवात करतो ती गावापासून. सापुतारा हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे लोक एसटीतून उतरतात, मक्याचं कणीस खातात आणि तलावात बोटिंग करतात. हजार मीटर चढून आलो म्हणून कोणाला धाप लागलेली मी तरी पाहिली नाही. बघायचं असतं ते हे, की गाडी सोडल्यावर स्वतःच्या पायांनी किती मीटर वर जायचंय. आणि तेवढंच खाली यायचंय, हे तर सगळेच विसरतात.

हे सगळं मला पाठ होतं, आणि दुसऱ्यांच्या आयांना मी ते फोनवर ऐकवतही असे. गेल्या जुलैत माझ्या स्वतःच्या आईनेच विचारलं.

आमचं मूळ घर वसईचं, पण पप्पांची नोकरी हजिऱ्याला असल्यामुळे गेली चोवीस वर्षं आम्ही सुरतेत राहतो. मी शिकायला मुंबईत, मम्मी-पप्पा तिकडे. मम्मी सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मुंबईत हे सांगितलं की लोक दचकतात, “सुरतमध्ये मराठी शाळा?” आहेत ना. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या बाजूला या, मग कळेल सुरत किती मराठी आहे ते. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिकच्या बागलाणातून आलेली माणसं, लूमवर काम करणारी, भाजीची गाडी लावणारी. त्यांची मुलं मम्मीच्या वर्गात. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, शाळेत मराठी. मम्मीला आमच्या वसईच्या बोलीइतकीच आता अहिराणीही कळते. मला अर्धीच कळते.

11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी तामिळनाडूतला. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड ही नावं मम्मीच्या वर्गातल्या मुलांना पाठ होती. पण यादीत ‘साल्हेर’ आलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, तो आमच्या आजीच्या गावाजवळ आहे. आमच्या शेतातून दिसतो.” आणि मग विचारलं, “बाई, तुम्ही गेलात का त्यावर?”

बाई कुठल्याच डोंगरावर गेलेल्या नव्हत्या. विरारच्या जीवदानीच्या पायऱ्या नाहीत, तुंगारेश्वर नाही. लग्नानंतर सुरत, आणि सुरत म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम तेरा-चौदा मीटर. तापी आहे, पूल आहेत, फ्लायओव्हर तर इतके की चढ म्हटलं की सुरतवाल्याला फ्लायओव्हरच आठवतो. शहरात एका भागाचं नाव ‘पर्वत पाटिया’ आहे. तिथे पर्वत शोधायला जाऊ नका, साड्यांचे ट्रक सापडतील.

रात्री फोनवर मम्मी म्हणाली, “साल्हेरला मला नेशील का?” आणि मी उत्तर द्यायच्या आत, “सोपा आहे ना?”

मम्मी बावन्न वर्षांची. मधुमेहाची गोळी सुरू आहे, डावा गुडघा जिने उतरताना कुरकुरतो. वजनाबद्दल मी इथे लिहिलं तर अंक वाचून ती फोन करेल. साल्हेर 1567 मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आणि सह्याद्रीत कळसूबाईच्या खालोखालचं शिखर. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी तो चढले होते. पुस्तकात श्रेणी ‘मध्यम’.

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. काळजीच्या नावाखाली आपण घरातल्या बायकांना जितक्या वेळा नाही म्हणतो, त्यात अजून एक. ‘हो’ म्हणणंही तसं सोपंच होतं, फक्त ते ‘हो’ उतारावर तिच्या गुडघ्याने निभावायचं होतं. मी म्हटलं, “मला डिसेंबरपर्यंत वेळ दे.” ती म्हणाली, “बघ, परीक्षेचं पोरांनाही मी इतकं आधी सांगत नाही.”

मग मी बसून साल्हेर तुकड्यातुकड्यांनी आठवला. गड एकच असला तरी चढ एकसारखा नसतो, आणि नवख्या माणसाला सगळेच तुकडे सारखे अवघड जात नाहीत. गडाला दोन गावांतून वाटा आहेत, साल्हेरवाडीतून आणि वाघांबेतून. आम्ही वाघांबेतून गेलो होतो. गाव सोडलं की आधी शेतं, मग झाडोरा, मग साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांच्यामधल्या खिंडीपर्यंत अंगावर येणारा चढ. हा तुकडा दमवणारा, पण भीतीदायक नाही. बसायला जागा आहे, परत फिरायला वाट आहे. खिंडीतून पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे आणि मग कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट. एका हाताला कातळ आणि त्यात खोदलेल्या गुहांची रांग, दुसऱ्या हाताला दरी. इथे दम लागत नाही, पण इथे डोळे फिरू शकतात. त्यानंतर पुन्हा दरवाजे, आणि मग एकदम मोठं पठार : गंगासागर तलाव, रेणुकामातेच्या देवळाचे अवशेष, राहण्याजोगी गुहा. आणि सगळ्यांत शेवटी पठारावरून उभा राहिलेला सुळक्यासारखा माथा. त्यावर परशुरामाचं छोटं मंदिर.

परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण तयार झालं, अशी कथा आहे. म्हणजे आमची वसईची वाडी त्या बाणाच्या हद्दीत येते. पप्पांना हे फार आवडलं. “म्हणजे आपला सातबारा तिकडे वर आहे म्हण की,” असं म्हणून त्यांनी सुट्टी टाकायचं ठरवलं.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण साडेसातशे-आठशे मीटरचा चढ धरला. डोंगराच्या वेळेचा एक जुना हिशोब आहे, विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला : सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्तीचा. त्या हिशोबाने साल्हेरचा माथा दोन-सव्वादोन तासांत यायला हवा. आम्हाला कॉलेजच्या पोरांना तीन तास लागले होते. नाइस्मिथच्या हिशोबात बहुतेक फोटो काढायला थांबणारे लोक नव्हते. पण गंमत सोडा, तो हिशोब धडधाकट, सवयीच्या चालणाऱ्याचा आहे. त्याला आपल्या माणसाने गुणावं लागतं. आणि कितीने गुणायचं, ते त्या माणसाला चालताना पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमची बिल्डिंग दहा मजली. मजला तीन मीटरचा धरला तर तळापासून दहाव्या मजल्यापर्यंत तीस मीटर. आठशे मीटर म्हणजे बिल्डिंग सत्तावीस वेळा. मी हे मम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मी एकदाच चढते, तेही लिफ्ट बंद असली की.” तरी ऑगस्टपासून तिने सुरू केलं. आधी तीन मजले, मग पाच. सप्टेंबरअखेर दहाव्या मजल्यापर्यंत सलग दोनदा. उतरतानाही जिन्याने, हे मी मुद्दाम सांगितलं होतं. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे बोलतात, आणि नवख्या माणसाचे हाल बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच होतात. लिफ्टने खाली येणाऱ्याची निम्मी परीक्षा झालेलीच नसते. सोसायटीतल्या लोकांनी आठवडाभर विचारलं की लिफ्टचा मेंटेनन्स भरला नाही का.

डॉक्टरांकडेही नेलं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट झाली. त्यांनी गोळीची आणि खाण्याची वेळ त्या दिवसापुरती कशी जुळवायची ते सांगितलं, आणि खिशात साखर ठेवायला सांगितली. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं तुटक झालं, तर आधी साखर आणि मग चौकशी. हे वाक्य पप्पांनी पाठ केलं.

दिवाळीच्या सुट्टीत हतगडला गेलो. सापुताऱ्याच्या अगदी जवळ, पण महाराष्ट्राच्या हद्दीत असलेला हा छोटा किल्ला. चढ थोडा, वाट मळलेली, पण दरवाजा कातळात कोरलेला आणि पायऱ्याही. थोडक्यात, साल्हेरचा नमुना म्हणून घ्यायला बरा. मम्मीबरोबर तिच्या शाळेतल्या एक मॅडम आल्या होत्या. त्या रोज सकाळी गार्डनला पाच किलोमीटर चालतात, मम्मीपेक्षा चार वर्षांनी लहान, सडपातळ. कागदावर त्या मम्मीपेक्षा कितीतरी उजव्या. सुरुवातीला त्या पुढेच होत्या. वर तटाजवळ, जिथून खालचा रस्ता एकदम उघडा दिसतो, तिथे त्या थांबल्या आणि कातळाला पाठ टेकून खाली बसल्या. काही बोलेनात. नंतर म्हणाल्या, “दम नाही लागला गं, खालचं सगळं हलतंय असं वाटतं.” मी त्यांच्या दरीकडच्या बाजूला उभी राहिले, समोरच्या दगडाकडे बघायला सांगितलं आणि पायरी पायरी करून खाली आणलं. गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, “साल्हेर माझ्यासाठी नाही.” मला त्यांचं कौतुक वाटलं. असं उतरल्यावर शांतपणे म्हणता येणं, हे पुष्कळ अनुभवी लोकांना जमत नाही.

आणि मम्मी? तिला दरीचं काहीच वाटलं नाही. तटाच्या कडेला उभं राहून तिने सुरगाण्याकडचा डोंगर दाखवत पप्पांना भूगोल शिकवला. पण चढायला मला जिथे चाळीस मिनिटं लागली असती तिथे तिने सत्तर घेतली. चाळीसला सत्तर, म्हणजे पावणेदोन पट. हा आकडा मला हवा होता. साल्हेरचे माझे तीन तास म्हणजे तिचे सव्वापाच. पहाटे पावणेसातला निघालो तर बाराला माथा. उतरायला चार तास धरले तर चारला गावात. डिसेंबरअखेर अंधार सहाच्या सुमारास पडायला लागतो. हाताशी दोन तास शिल्लक.

हे दोन तास म्हणजे माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं उत्तर. नवख्या माणसाला गड झेपेल का, याचा अर्थ तो माथ्यावर पोचेल का एवढाच घेतला जातो. मी तो असा घेते : काही बिघडलं, पाय मुरगळला, साखर उतरली, वाट चुकली, तर उजेडात खाली यायला वेळ उरतो का? आणि अर्ध्यात परत फिरता येईल अशा जागा वाटेत किती आहेत? या दुसऱ्या कसोटीवर साल्हेर खरं म्हणजे बरा गड आहे. शेतं, खिंड, पहिला दरवाजा, गुहा, पठार, प्रत्येक ठिकाणी थांबून ‘बास’ म्हणता येतं आणि बघितलेलं वाया जात नाही. काही गडांवर अख्खा दिवस चालूनही शेवटच्या अर्ध्या तासाशिवाय हाती काही लागत नाही. तिथे माणसं परत फिरत नाहीत, आणि मग नको ते होतं. त्यामुळे पुस्तकातली ‘मध्यम’ मी माझ्यापुरती अशी वाचली : थंडीत, कोरड्या वाटेवर, गावातला वाटाड्या घेऊन, माणशी तीन लिटर पाणी आणि परतीची वेळ ठरवून, मम्मीला हो. पावसाळ्यात नाही, तेव्हा कातळावरच्या पायऱ्या शेवाळतात आणि धुक्यात आडवी वाट दिसत नाही. मे महिन्यात तर बागलाणच्या उन्हात मीसुद्धा नाही.

तिन्ही अटी मी लिहून फ्रिजवर लावल्या : साडेबाराला जिथे असू तिथून मागे, कोणालाही एकटं मागे ठेवायचं नाही, आणि ‘परत’ हा शब्द कोणीही म्हणाला तर कारण विचारायचं नाही. खाली मम्मीने लाल पेनने शेरा मारला, “सूचना वाचल्या.”

नाताळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी, 26 ला दुपारी निघालो. सुरत, बारडोली, व्यारा, आहवा आणि तिथून डांगच्या सागवानातून वर बागलाणात. गाडीत अर्थातच इतिहास निघाला. सुरतेत मराठी शिकवणाऱ्या बाईंसाठी तो धडा जरा अवघड जागेचं दुखणं आहे. 1664 च्या जानेवारीत आणि 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ज्या शहरावर स्वारी केली, त्याच शहरात बसून ती शिकवायची. खाली रस्त्यावर ज्याला ‘लूट’ म्हणतात त्याला वर्गात काय म्हणायचं, हा प्रश्न तिला दरवर्षी पडतो. पप्पांचं आवडतं प्रकरण मात्र ठरलेलं : पहिल्या स्वारीत महाराजांनी कॅपुचिन मिशनच्या फादर अँब्रोझ यांच्या घराला हात लावू दिला नाही, हे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय. आमच्या घरात हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की फादर अँब्रोझ मला लांबचे काका वाटतात.

दुसऱ्या स्वारीनंतर सुरतेची संपत्ती घेऊन घोडी परतली ती याच बागलाणातून, साल्हेर-मुल्हेरच्या बाजूने. तीनच महिन्यांत, 1671 च्या सुरुवातीला, साल्हेर मराठ्यांकडे आला, आणि 1672 च्या फेब्रुवारीत गडाला वेढा घालून बसलेल्या मोगली फौजेशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी गडाखालीच समोरासमोर लढाई देऊन ती जिंकली. सूर्याजी काकडे तिथे पडले. आपण ज्या रस्त्याने टोलचे पैसे मोजत चाललोय तिथून हे सगळं गेलं, हे लक्षात आल्यावर मम्मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “त्या घोड्यांबरोबर चालणाऱ्यांना कोणी विचारलं नसेल, सोपा आहे का म्हणून.”

रात्री वाघांबेत एका घरी उतरलो. सकाळी सहा पन्नासला चालायला लागलो. पुढे वाटाड्या, मग मम्मी, मग मी, शेवटी पप्पा. नवखं माणूस शेवटी ठेवू नये. ते धापा टाकत पोचतं तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, आणि त्याला बसायलाच मिळत नाही. मम्मीच्या चालीने सगळे, असं ठरलं होतं. वाटाड्याला ती चाल फार हळू वाटत होती, पण तासाभराने तोही रानातल्या झाडांची नावं सांगत रमला.

खिंडीत पोचलो तेव्हा नऊ वीस झाले होते. हिशोबाच्या फार मागे नव्हतो. मम्मीचा चेहरा लाल, पण बोलणं सरळ. भाकरी, चटणी आणि उकडलेलं अंडं खाल्लं. मी विचारलं, “परत?” ती म्हणाली, “कारण विचारायचं नाही असं ठरलंय ना? मग परत का विचारतेस?”

पायऱ्यांवर वेळ गेला. कातळातल्या त्या पायऱ्या एकेक गुडघ्याएवढ्या आहेत, आणि मम्मीने प्रत्येक पायरीवर उजवाच पाय आधी टाकायचं ठरवलं होतं, डावा मागून. घाई केली असती तर बहुधा जमलंही असतं. आम्ही केली नाही. आडव्या वाटेवर मी दरीच्या बाजूने चालले. मम्मी एका गुहेत डोकावून म्हणाली, “आमच्या वर्गापेक्षा थंड आहे.” शेवटचा दरवाजा ओलांडून पठारावर आलो आणि समोर गंगासागर दिसला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

माथा समोर उभा होता. मला अर्धा तास, म्हणजे तिला पन्नास मिनिटं. एक वाजला असता. घड्याळ मी दाखवलं नाही, पण तिच्याही हातात होतं.

वाटाड्या म्हणाला, “आता काय, आलंच की.” डोंगरात मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती या वाक्याची. आलेलं काहीच नसतं. पप्पा काही बोलले नाहीत. मी मनात हिशोब फिरवून पाहिला : शिल्लक दोन तासांतले काही मोडता आले असते. त्यातला बराचसा वेळ पायऱ्यांनी आधीच खाल्ला होता, आणि त्याच पायऱ्या आता त्याच गुडघ्याने उतरायच्या होत्या.

मम्मी तलावाच्या काठी दगडावर बसली. बूट काढले, मोजे काढले आणि पाय उन्हात पसरले. म्हणाली, “वरून काय दिसतं जे इथून दिसत नाही?”

“मांगी-तुंगी. मुल्हेर, मोरा, सगळी रांग.”

“मांगी-तुंगीचा तो 108 फुटी पुतळा शाळेच्या सहलीत पाहिलाय मी. खालून.”

“परशुरामाचं मंदिर आहे वर.”

“त्याने बाण मारला ना, तो इथपर्यंत नाही आला. तो गेला वसईला.” मग पप्पांकडे वळून, “तुम्ही दोघं जाऊन या हवं तर.” आणि लगेच स्वतःच, “नाही, ती दुसरी अट आहे.” तिने तलावाचा फोटो काढला, रेणुकामातेच्या देवळाचा काढला, आणि एक फोटो नुसत्या वाटेचा, मागच्या बाकावरच्या त्या मुलाला दाखवायला. साडेबाराला आम्ही उठलो.

उतरायला पावणेपाच वाजले. म्हणजे चारऐवजी सव्वाचार तास. खिंडीच्या खाली मम्मीचा गुडघा खरोखर दुखायला लागला, तेव्हा वाटाड्याने एक काठी तोडून दिली आणि पप्पांनी तिची सॅक घेतली. एकदा तिचे हात थरथरल्यासारखे वाटले. पप्पांनी काही न विचारता साखरेची पुडी पुढे केली. ती साखर खाऊन म्हणाली की हात काठीमुळे थरथरत होते. असतील. माथा गाठून हे सगळं आम्ही अंधारात, टॉर्चच्या उजेडात केलं असतं.

गावात त्याच घरी अंगणात बाजेवर बसलो. घरातल्या आजीबाई काळा चहा घेऊन आल्या. सकाळी अंधारात धड बोलणं झालं नव्हतं, आता त्यांनी विचारलं, “कोठून उनात?”

मम्मी बुटांचे बंद सोडत होती. तशीच वर बघून म्हणाली, “सुरतहून.”

“सुरत?” आजीबाई तिच्या शेजारी बाजेवर टेकल्या. “मना नातू सुरतले ऱ्हास. लिंबायतमा.”

मम्मीने बूट तसाच सोडला. “लिंबायतला? कितवीला आहे? शाळा कोणती?”

आजीबाईंना शाळेचं नाव सांगता येईना. त्यांनी आत सुनेला हाक मारली, फोन आण म्हणून. पप्पांनी गाडी सुरू करून ठेवली होती, ती बंद केली.